दर माणशी पाचशे फिल्स

माझी मुलगी दर शनिवारी सकाळी एका दवाखान्याच्या फाटकात उभी राहून परक्या लोकांच्या शिव्या खाते, हे मी बहारीनमध्ये दीड वर्ष एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.

दवाखाना अमेरिकेत, एका लहान शहरात. तिथे गर्भपात होतात, रीतसर, कायद्यात बसून. फाटकाबाहेर रस्त्यावर माणसं फलक घेऊन उभी असतात. आत जाणाऱ्या बाईला ती खुनी म्हणतात, गाडीच्या काचेसमोर नको नको ती चित्रं धरतात. माझी मुलगी एरवी औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. शनिवारी ती पिवळंधमक जाकीट घालून उभी राहते आणि आलेल्या बाईला गाडीपासून दारापर्यंत सोबत करते. पन्नास-साठ पावलं असतील. याला पगार नाही, भत्ता नाही, दुपारचा डबासुद्धा घरचा.

आणि मी इथे लोकांना काय सांगायचे? "शनिवारी हॉस्पिटलमध्ये मदतीला जाते हो." लोक म्हणायचे, "किती गुणी!" मी म्हणायचे, "हो ना." मी शाळेत गणित शिकवते. नववीच्या वर्गात नुसतं चष्म्यावरून बघितलं तरी मागचा बाक गप्प होतो. पण मुलीचा विषय निघाला की माझी बोबडी वळायची. कारण सरळ होतं. झिंज भागातली आमची बिल्डिंग, नवऱ्याची अस्कर गावच्या कारखान्यातली नोकरी, पंचवीस वर्षांत जोडलेली माणसं, या सगळ्यात 'गर्भपात' हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. कशाला लोकांना तोंडसुख द्या, असं मी स्वतःला समजावायचे.

दिवाळीच्या थोडं आधी मुलीचा फोन आला. आवाज बसलेला. त्या निदर्शनवाल्यांनी तिचा फोटो मोठा करून फलकावर चिकटवला होता आणि खाली लिहिलं होतं, बाळं मारायला मदत करणारी. दुकानात येणाऱ्या एका म्हाताऱ्याने तो पाहिला आणि तिच्या हातून औषध घ्यायला नकार दिला. ती म्हणाली, पुढच्या महिन्यापासून शनिवारचं बंद करावं असं वाटतंय.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं होईल बाई. सोड तो नाद. इथं कुणाला कळलं तर काय सांगू मी?"

आमची मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीत देते. लहानपणापासूनची खोड. ती म्हणाली, "आय ॲम नॉट हायडिंग, आई. यू आर."

आणि फोन ठेवला. मी ओट्याशी कितीतरी वेळ तशीच उभी होते. नवरा शिफ्ट संपवून आला, माझा चेहरा बघितला आणि गुपचूप स्वतःचा चहा स्वतः टाकला. त्या माणसाला बाकी काही नाही तरी एवढं कळतं.

मनाशी ठरवलं, येत्या शुक्रवारी सांगून टाकायचं. त्या दिवशी माझ्याकडे फराळ होता. आमच्याकडे करंज्या एकटीने करायची पद्धत नाही, पाच-सहाजणी एका घरी जमतात आणि कंपनीतल्यासारखी कामं वाटून घेतात. पुण्याची एक बँकवाली आहे, तिचा आवाज लिफ्टमधून ऐकू येतो, ती पाऱ्या लाटते. मी सारण भरून कडेला दुधाचं बोट फिरवते. साताऱ्याकडची माझी मैत्रीण कातण फिरवून कापते, तिचा हात असा की दोन करंज्या शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी. आणि कढईशी म्हसळ्याच्या खाला. खाला सत्तरीच्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून त्यांच्या घरचे लोक इथल्या बाजारात दुकान चालवतात. ईदला आम्ही त्यांच्याकडे, दिवाळीला त्या आमच्याकडे, आणि तळणीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

दुसरा घाणा कढईत पडला तेव्हा मी घसा खाकरला. म्हटलं, "माझी मुलगी तिकडे शनिवारी असते ना, ती हॉस्पिटलात नसते. गर्भपाताच्या दवाखान्यासमोर असते. बाहेर निदर्शनं चालतात ना, तिथे."

पुढचं वाक्य माझ्या ओठावर होतं. पण पुण्याच्या बाईने लाटणं हवेत उचललं. "म्हणजे मुली पाडतात त्याच्याविरुद्ध? अगं, वा! आणि तू हे लपवून ठेवलंस?"

झालं! एका क्षणात सगळ्या सुरू झाल्या. आणि त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या पिढीने महाराष्ट्रात दवाखान्यासमोरचा मोर्चा पाहिला तो मुली वाचवण्यासाठीचाच. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी वाचत आम्ही बाळंतपणं काढली. गर्भपात आणि निदर्शनं हे दोन शब्द एका वाक्यात आले की आमच्या डोक्यात दुसरं चित्र येतच नाही. एकजण म्हणाली, तिकडे आपल्याच लोकांनी घाण नेली असणार. दुसरी म्हणाली, लेक असावी तर अशी. पुण्याची बाई पिठाच्या हाताने माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाली, "आपण पाठवू या गं काहीतरी त्या निदर्शनवाल्यांना. बिचारे थंडीत उभे राहतात!"

खालांनी झारा निथळत विचारलं, "चहा तरी मिळतो का गो त्यांना तिथं?"

आता हसावं की रडावं! माझ्या मुलीचा फोटो फलकावर लावणाऱ्यांना चहा पाठवायचं माझ्याच स्वयंपाकघरात ठरत होतं. तिथेच मी म्हणायला हवं होतं, थांबा, उलटं आहे सगळं. पण सांगते खरं तेच. इतक्या सगळ्यांनी मिळून माझ्या मुलीचं कौतुक मी कधी ऐकलंच नव्हतं. मला ते गोड लागलं. मी पारीच्या कडेला दुधाचं बोट फिरवत राहिले आणि काहीही बोलले नाही. इतका भित्रेपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

फक्त साताऱ्याची मैत्रीण काही बोलत नव्हती. तिचं कातण चाललं होतं, पण करंज्या वेड्यावाकड्या कापल्या जात होत्या. सगळ्या गेल्यावर ती भांडी घासायला थांबली. नळ सोडून माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "खरं काय हाय ते सांग. तुझं तोंड बघितलं मी."

मी सांगितलं. सगळं. फोटो, पिवळं जाकीट, तो म्हातारा, फोनवर मुलगी काय म्हणाली ते. आता ही ताड्‌ताड्‌ चालती होईल असं मला वाटत होतं. कारण बहारीनला येण्याआधी तिच्यावर काय गुदरलं ते मला अर्धवट माहीत होतं. थोरली मुलगी झाल्यावर सासूने आणि दिराने तिला तालुक्याला नेऊन तपासून घेतलं होतं आणि मुलगी आहे म्हणून गर्भ पाडवला होता. एकदा, असं मी समजत होते.

"दोनदा," ती म्हणाली. "दोन्ही मुलीच. पहिल्या वेळेला मला वाटलं टॉनिकचं इंजेक्शन द्यायला न्हेत्यात. दुसऱ्या वेळेला ठावं होतं. जीपमधनं उतरले, दिरानं दंड धरला आन् आत न्हेलं. दारात एक नर्स हुती. तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई, दिरालाच म्हणाली, या."

एरवी ती आमच्यासारखंच बोलते. त्या दिवशी मात्र गावची बोली आली तिच्या तोंडात. मी तिच्या हातातली कढई काढून घेतली, तर तिने ती परत ओढली आणि घासत राहिली.

मग म्हणाली, "मला आत ढकललं. तुझी पोरगी जिथं हुबी ऱ्हाते, तिथं बाईला बाहेर ढकलत्यात. बाईला कुठं जायाचंय ते इचारतंय का कुणी? तुझी पोरगी इचारत असंल तर तिला म्हण, सोडू नगं."

त्या रात्री मला धड झोप लागली नाही, आणि लागू नये अशीच माझी लायकी होती. सकाळी उठून मी सगळ्यांना मेसेज केला: फराळाचे डबे तयार आहेत, संध्याकाळी न्यायला या, नवऱ्यांच्या हाती पाठवणार नाही.

आल्या. मी डबे टेबलावर मांडून ठेवले होते आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले, म्हणजे मला ओलांडल्याशिवाय डबा मिळू नये. म्हटलं, "काल तुम्ही चुकीचं समजलात आणि मी ते चालू दिलं. माझी मुलगी निदर्शनवाल्यांत नाही. ते जिच्यावर ओरडतात ना, ती माझी मुलगी. बायकांना हाताला धरून आत नेते. तिथे मुलगा की मुलगी बघून पाडायचा धंदा नाही. कुणाचं शरीर साथ देत नाही, कुणावर जबरदस्ती झालेली असते, कुणाच्या पदरी आधीच तीन असतात, आणि कुणाची काय कारणं असतील ती तिची तिला माहीत. मला तिचा अभिमान आहे. दीड वर्ष मी तो खिशात घालून फिरले. आता कोणाला डबा नको असेल तर नको."

बोलता बोलता आवाज चढला माझा. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडून बंद झालेलं ऐकू आलं.

एकजण उठली, म्हणाली, माझं देवाधर्माचं घर आहे, मला यात धरू नका. डबा मात्र घेऊन गेली. अजून भेटली की हसते, पण येत नाही. पुण्याच्या बाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "म्हणजे मी काल त्या मेल्यांना पैसे पाठवायला निघाले होते?" असं म्हणून तिने कपाळावर हात मारला आणि मग जी हसत सुटली, की आम्हाला पण आवरेना.

खाला हसल्या नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, "माझं मन याला राजी नाही गो. मी खोटं नाय बोलणार. पण रस्त्यातनं चाललेल्या पोरीच्या तोंडावर ओरडायचं, तिचे फोटो लावायचे? तौबा! ही कुठली रीत?" मग विचारलं, "तुझी पोरगी आत जाणाऱ्या बाईला आड कशाने करते?" मी म्हटलं, छत्र्या धरतात, मोठ्या, म्हणजे बाईचा चेहरा दिसत नाही. खाला म्हणाल्या, "मग छत्र्या माझ्याकडनं. बाकी तुम्ही काय ते बघा."

बाकीचं असं होतं. त्या दवाखान्याने एक नामी युक्ती काढली होती. तुम्ही आधीच कबूल करायचं, दर निदर्शकामागे मी इतके देईन. शनिवारी सोबत करणाऱ्या मुली डोकी मोजतात, आणि जितकी डोकी तितके पैसे, ज्या बायकांकडे प्रवासाला आणि औषधाला काही नसतं त्यांच्यासाठी जमा होतात. वर फाटकावर पाटी लागते: तुम्ही इथे आलात, त्यातून आजवर इतक्या बायकांची सोय झाली, आभारी आहोत. मी हे समजावून सांगितलं तेव्हा पुण्याची बाई उठून उभीच राहिली. "म्हणजे ओरडणार ते आणि कमाई यांची? मी आहे! दर माणशी पाचशे फिल्स!"

नवऱ्याने आतून हाक मारून बजावलं की इथे परवानगी असल्याशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही, तेव्हा माझ्या घरात कोणी कोणाच्या हातात एक नाणं ठेवायचं नाही. बरोबरच होतं त्याचं. मग आमचा नियम ठरला. जिची तिने, आपल्या फोनवरून, आपल्या कार्डावरून, थेट तिकडे पाठवायचं. आकडा सांगायचा नाही, विचारायचा नाही. पुण्याच्या बाईचे पाचशे फिल्स, म्हणजे अर्धा दिनार, तेवढे जाहीर झाले होते, कारण ते सगळ्या बिल्डिंगने ऐकले होते.

मी मुलीला फोन केला. इथल्या बायकांना सगळं सांगितलं म्हटल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "यू डिड व्हॉट?" मग फोनवर नुसता नाक ओढण्याचा आवाज. मी पण इकडे पदर शोधत होते आणि अंगात पंजाबी ड्रेस. शनिवार बंद करण्याबद्दल ती पुन्हा काही बोलली नाही.

तिकडची शनिवारची सकाळ म्हणजे आमची शनिवारची संध्याकाळ. आम्ही चहाला जमायचो आणि मोजणीची वाट बघायचो. आयुष्यात कधी वाटलं नव्हतं की मी माझ्या मुलीच्या वैऱ्यांची संख्या वाढावी म्हणून आतुर होईन. "आज किती?" "सतरा." "फक्त? मागच्या वेळी बावीस होते की!" एकदा बर्फ पडलं आणि दोनच म्हातारे आले. पुण्याची बाई वैतागली, "आळशी मेले! एवढ्याशा बर्फाला घाबरतात!" खाला चष्मा पुसत म्हणाल्या, "पुढच्या वेळी चाळीस येतील, इंशाल्ला," आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच तोंडावर हात ठेवला. पुढच्या शनिवारी खरंच कुठल्याशा गावाहून बस भरून लोक आले. छप्पन्न. बाईने कपाळाला हात लावला, "खलास! या महिन्याचं पार्लर गेलं." पण दहा मिनिटांत पाठवल्याची पावती तिने आम्हाला दाखवली.

आणि माझी साताऱ्याची मैत्रीण? ती दर शनिवारी मोजणी येईपर्यंत चहाला हात लावायची नाही. किती पाठवायची कोण जाणे. नवऱ्याचं फॅमिली कार्ड ती वापरत नव्हती, एवढं मला कळलं. दुपारी दोन घरची पोळीभाजी करून देते, ते पैसे तिचे स्वतःचे.

मार्चमध्ये मुलगी सुट्टीवर आली. तिला बघायला सगळ्या आल्या, जणू काही मोठी नटी उतरली होती. पुण्याच्या बाईने तिला मिठी मारून गुदमरवलं. खालांनी छत्र्या टिकतात का, वाऱ्याने उलटत तर नाहीत ना, याची बारकाईने चौकशी केली. शाळेतली माझी एक नवी सहकारी सहज आली होती, तिने विचारलं, "मुलगी काय करते?" मी सगळं सांगितलं, दवाखान्याच्या फाटकापासून दारापर्यंत, आणि एक शब्द गाळला नाही. बोबडी वळली नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि मी मुद्दामच तिच्याकडे बघितलं नाही, नाहीतर रडले असते.

साताऱ्याची मैत्रीण कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिची गोष्ट मी मुलीला सांगितलेली नव्हती. सांगायचा हक्क माझा नव्हताच. सगळ्या खाण्यात गुंतल्या तेव्हा तिने मुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "बाई गाडीतनं उतरली की तू तिला पहिलं काय म्हणतेस?"

मुलीने इंग्रजीत सुरुवात केली, मग थांबली. मैत्रिणीला इंग्रजी फारसं येत नाही हे तिच्या लक्षात आलं. शब्द गोळा करत, अडखळत ती मराठीत बोलू लागली. म्हणाली, "मावशी, मी आधी बघते, बरोबर कोण आहे. नवरा, आई, कोणी पण. त्यांना मी म्हणते, तुम्ही जरा थांबा. मग तिला एकटीला बाजूला घेते."

"आन् मग?"

"मग विचारते." मुलीला शब्द सापडेनात, म्हणून ती करूनच दाखवायला लागली. मैत्रिणीला खुर्चीतून उठवलं, तिच्या कोपराखाली हात दिला, तिच्या आणि आम्हा सगळ्यांच्या मध्ये स्वतः उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुला आत यायचंय, की घरी जायचंय? तू सांगशील तिकडे मी येते तुझ्याबरोबर."

माझी मैत्रीण तिच्याकडे बघत राहिली. खोलीत बाकीच्यांच्या गप्पा चालूच होत्या, पुण्याच्या बाईचा आवाज सगळ्यांच्या वर. मैत्रिणीने माझ्या मुलीचं मनगट घट्ट धरलं.

"घरी," ती म्हणाली. "मला घरी जायाचंय गं."

मुलीला काही माहीत नव्हतं, पण तिने एकही प्रश्न विचारला नाही. "चल मावशी," एवढंच म्हणाली, तिच्या खांद्याभोवती हात टाकला आणि तिला सावकाश दाराकडे नेऊ लागली. माझ्या मैत्रिणीला हे कोणीतरी विचारायला पंचवीस वर्षं लागली, आणि विचारलं ते माझ्या मुलीने.